तापलेल्या पिस्टनला तेलाची धार

कागदाचा एक द्रोण करून त्यात पाणी भरावे आणि तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावा. पाणी हळूहळू तापते, पण द्रोण जळत नाही. कागद पेटायला २०० अंश सेल्सिअसहून बरेच अधिक तापमान लागते आणि मेणबत्तीची ज्योत तर १,००० अंशांच्या घरात असते. मग कागद वाचतो कसा?

उत्तर सोपे आहे. खालून ज्योत जी उष्णता देते, ती पातळ कागदातून पलीकडे जाते आणि पाणी ती लगेच काढून घेते. कागदात उष्णता साठतच नाही. म्हणजे एखादी वस्तू किती तापेल, हे तिला किती उष्णता मिळते एवढ्यावरच ठरत नसते. मिळालेली उष्णता तिच्यातून किती लवकर निघून जाते, यावरही ते तितकेच अवलंबून असते.

डिझेल इंजिनातील पिस्टनची स्थिती या द्रोणासारखीच आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात ज्याला दट्ट्या म्हणतात, तोच हा पिस्टन. त्याच्या माथ्यावर ज्वाला असते आणि तो ज्या मिश्रधातूचा असतो, तो त्या ज्वालेच्या तापमानाला सहज वितळेल असा असतो. तरीही तो लाखो किलोमीटर काम करतो. त्याची उष्णता कोणत्या वाटेने जाते, इंजिनाकडून अधिक शक्ती घ्यायची म्हटले की ती वाट अपुरी का पडते आणि मग इंजिनाच्या ब्लॉकमध्ये कोणता बदल करावा लागतो, हे या लेखात पाहू.

माथ्यावर ज्वाला, पोटात तेल

डिझेल इंजिनात प्रथम नुसती हवा आत घेतली जाते. पिस्टन वर जाताना ही हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते आणि त्यामुळे इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते. ज्वलनाच्या वेळी आतील वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते.

मोटारीच्या डिझेल इंजिनातील पिस्टन बहुधा ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. सिलिकॉन मिसळल्यावर हा बिंदू खाली येतो आणि सुमारे ५८० अंशांनाच वितळण्यास सुरुवात होते. शिवाय धातू वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडू लागतो. ३५० अंशांच्या पुढे या मिश्रधातूची ताकद झपाट्याने घटते.

मग पोलादाचाच पिस्टन का करू नये, असे कोणी विचारील. मोठ्या ट्रकांच्या इंजिनांत आज तसे पिस्टन वापरतातही. पण ॲल्युमिनियमचे दोन मोठे गुण आहेत. ते हलके असते, त्यामुळे दर मिनिटाला हजारो वेळा थांबून उलट दिशेने धावणे त्याला जड जात नाही. आणि ते उष्णतेचे उत्तम वाहक असते. बिडाच्या तुलनेने ते सुमारे तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेते.

२,००० अंशांचा वायू आणि ३५० अंशांची मर्यादा यांचा मेळ दोन कारणांनी बसतो. पहिले म्हणजे ज्वाला सतत नसते. चार टप्प्यांच्या चक्रात ज्वलनाचा काळ थोडा असतो आणि मध्येच बाहेरची थंड हवा पिस्टनच्या माथ्यावरून फिरून जाते. दुसरे म्हणजे मिळालेली उष्णता निघून जायला वाट असते. माथ्यावरची उष्णता पिस्टनच्या कडांकडे वाहते. तेथे खाचांत बसवलेल्या रिंगा असतात. त्या सिलिंडरच्या भिंतीला सतत टेकलेल्या असल्याने उष्णता रिंगांतून भिंतीत आणि भिंतीतून तिच्याभोवती खेळणाऱ्या पाण्यात जाते. साध्या पिस्टनची निम्म्याहून अधिक उष्णता या रिंगांच्या वाटेनेच जाते. उरलेली पिस्टनच्या खालच्या घेरातून भिंतीकडे आणि आतून उडणाऱ्या तेलाच्या तुषारांकडे जाते.

ही रिंगांची वाट अरुंद आहे. रिंगेची जाडी दोन-तीन मिलिमीटर आणि तिच्या दोन्ही बाजूंना तेलाचा पातळ थर. तेल उष्णतेचे फारच मंद वाहक आहे. त्यात वरच्या रिंगेची खाच सुमारे २५० अंशांपलीकडे सतत तापत राहिली, तर तेथील तेल जळून त्याचा कोळसा होतो. हा कोळसा खाचेत साचला की रिंग अडकून बसते, भिंतीला नीट टेकत नाही आणि उष्णतेची वाट आणखी अरुंद होते. पिस्टन अधिक तापतो, आणखी तेल जळते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की शेवट पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकण्यात किंवा त्याच्या माथ्याला भोक पडण्यात होतो.

पिस्टन तोच, काम मात्र अधिक

इंजिनात अधिक इंधन जाळायचे तर अधिक हवा हवी. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली यावरील एका युक्तीचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूने एक पंख्याचे चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, अशी ती कल्पना होती. आज आपण ज्याला टर्बोचार्जर म्हणतो तो हाच.

जर्मनीतील मर्सिडीज-बेंझच्या एका प्रसिद्ध इंजिनाचे उदाहरण घेऊ. ओएम ६१७ हे पाच सिलिंडरचे, ३ लीटरचे डिझेल इंजिन १९७४ साली प्रवासी मोटारीत आले. टर्बो नसलेल्या या इंजिनाची शक्ती ८० अश्वशक्ती होती. १९७६ च्या जूनमध्ये याच इंजिनाचे टर्बो बसवलेले आणि १९० अश्वशक्तीपर्यंत नेलेले रूप एका प्रायोगिक मोटारीत घालून इटलीतील नार्दो येथील वर्तुळाकार चाचणी-मार्गावर पळवण्यात आले. दोन दिवसांहून अधिक काळ ताशी सुमारे २५० किलोमीटरच्या सरासरीने धावून तिने अनेक जागतिक विक्रम केले. पुढे १९७८ मध्ये टर्बोचे हे इंजिन अमेरिकेत विक्रीच्या मोटारीत आले, तेव्हा त्याची शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती ठेवली होती.

८० वरून ११५ हा बदल पिस्टनच्या दृष्टीने काय आहे ते पाहू. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ०.७४ किलोवॅट. म्हणून पहिले इंजिन सुमारे ५९ किलोवॅट आणि दुसरे सुमारे ८५ किलोवॅट काम देते. इंधनातील ऊर्जेपैकी ३० टक्के कामी येते असे धरले, तर पहिल्यात दर सेकंदाला १९६ किलोज्यूल आणि दुसऱ्यात २८२ किलोज्यूल ऊर्जेचे इंधन जळते. पाचाने भागले तर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला अनुक्रमे ३९ आणि ५६ किलोवॅट येतात.

यातला बराचसा भाग निष्कास वायूबरोबर आणि सिलिंडरच्या भिंतींतून जातो. हिशेबापुरते असे समजू की विसावा भाग पिस्टनच्या माथ्यातून आत शिरतो. तर पहिल्या इंजिनात प्रत्येक पिस्टनला सुमारे २ किलोवॅट आणि दुसऱ्यात २.८ किलोवॅट उष्णता मिळेल. म्हणजे जवळजवळ घरातल्या एका इस्त्रीएवढी जास्तीची उष्णता. पिस्टनचा व्यास मात्र दोन्हींत सारखाच, ९१ मिलिमीटर, म्हणजे साधारण एखाद्या फुलपात्राच्या तोंडाएवढा. रिंगाही तेवढ्याच रुंद. वाट तीच आणि रहदारी वाढलेली, अशी ही अवस्था आहे. गर्दी होणार ती पिस्टनच्या माथ्यात, आणि तेथे गर्दी होणे म्हणजे तापमान वाढणे.

म्हणून टर्बो इंजिनात उष्णतेला दुसरी वाट काढून दिली गेली. प्रत्येक सिलिंडरच्या तळाशी एक बारीक नळी बसवून तिच्यातून पिस्टनच्या पोटावर, म्हणजे माथ्याच्या आतल्या बाजूवर, वंगणाच्या तेलाची धार सोडली. द्रोणातल्या पाण्याचे काम येथे तेल करते. फरक इतकाच की येथे द्रोण खालून वर, वरून खाली धावत असतो आणि त्याचे तोंड खाली असते. त्यात पाणी भरून ठेवता येत नाही, ते सतत उडवावे लागते.

पाण्याचीच धार का नाही? पाणी खरे तर तेलापेक्षा अधिक उष्णता सामावून घेते. पण पिस्टनच्या खाली क्रँकशाफ्ट आणि तिची बेअरिंगे असतात. तेथे तेलात पाणी मिसळले तर वंगण निकामी होईल. जहाजांच्या काही अवाढव्य इंजिनांत पूर्वी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांतून पिस्टनमध्ये पाणी खेळवीत असत. मोटारीच्या लहान आणि वेगवान इंजिनात तशी सोय करणे शक्य नसते. तेल मात्र तेथे असतेच, पंपही असतो. फक्त त्याला एक जादा काम सांगायचे.

धार पिस्टनला गाठते का?

येथे एक मजेदार प्रश्न उभा राहतो. पिस्टन इतक्या वेगाने वर पळत असता तेलाची धार त्याला गाठू शकेल का?

या इंजिनात पिस्टनचा फेरा ९२.४ मिलिमीटरचा आहे. क्रँकशाफ्ट मिनिटाला ४,००० फेरे करते तेव्हा पिस्टन एका सेकंदात सुमारे ६७ वेळा वर आणि ६७ वेळा खाली जातो. म्हणून त्याचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटरहून थोडा अधिक येतो. पण दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो, म्हणून मध्यावर त्याला सरासरीपेक्षा बराच जास्त वेग असतो. तो सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर भरतो.

आता धारेचा वेग काढू. इंजिनातील तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम आहे असे धरा. हा दाब ३० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा झाला. तेल पाण्याहून हलके, त्याची सापेक्ष घनता सुमारे ०.८६, म्हणून तेलाचा स्तंभ सुमारे ३५ मीटरचा होईल. दहा मजली इमारतीच्या गच्चीवर तेलाची टाकी ठेवून तिची नळी तळमजल्यावर उघडावी, तसा हा प्रकार आहे. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली याने सतराव्या शतकात दाखवून दिले की अशा नळीतून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा वेग तेवढ्याच उंचीवरून पडणाऱ्या दगडाच्या वेगाएवढा असतो. वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले ९.८ गुणिले ३५, अर्थात ६८६. त्याचे वर्गमूळ सुमारे २६. म्हणजे धार सेकंदाला जास्तीत जास्त २६ मीटर वेगाने निघते. नळीतील घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी.

२० मीटरच्या पिस्टनला ही धार गाठते खरी, पण फार मोठ्या फरकाने नव्हे. तेलाचा दाब निम्मा झाला तर वेग १८ मीटरवर येईल आणि वर जाणाऱ्या पिस्टनच्या वेगाच्या भरात धार मागे पडेल. तो खाली येताना मात्र धार त्याला समोरून आदळेलच. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नुसती नळी बसवून भागत नाही, तिच्यामागे पुरेसा दाबही असावा लागतो.

एका धारेने किती उष्णता जाते?

नळीचे छिद्र १.५ मिलिमीटर व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.७७ चौरस मिलिमीटर येते. त्याला २६ मीटर वेगाने गुणले आणि घर्षण व धारेचे आकुंचन यांपोटी ३० टक्के वजा केले, तर मिनिटाला सुमारे १.९ लीटर तेल मिळते. त्याचे वस्तुमान सुमारे १.६ किलोग्रॅम. तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मी, म्हणजे दर किलोग्रॅमला दर अंशाला सुमारे २.१ किलोज्यूल असते. पिस्टनला लागून खाली पडेपर्यंत हे तेल ३० अंशांनी तापले असे समजू.

मग १.६ × २.१ × ३० म्हणजे मिनिटाला सुमारे १०० किलोज्यूल उष्णता निघून गेली. साठाने भागले की सुमारे १.७ किलोवॅट. टर्बोमुळे पिस्टनला मिळणारी जास्तीची उष्णता आपण ०.८ किलोवॅट धरली होती. म्हणजे नवी वाट त्या जास्तीच्या रहदारीला पुरून उरेल इतकी रुंद आहे. रिंगांवरचाही थोडा भार ती हलका करते.

याहून चांगली योजनाही करतात. पिस्टनच्या माथ्यात, वरच्या रिंगेच्या मागे, एक गोल पोकळ बोगदा ठेवतात. धार खालच्या छिद्रातून त्यात शिरते, पिस्टनच्या वरखाली होण्याने आत घुसळली जाते आणि दुसऱ्या छिद्रातून बाहेर पडते. मात्र त्यासाठी धारेचा नेम त्या छिद्रावर अचूक बसावा लागतो.

साध्या ब्लॉकमध्ये काय करावे लागते?

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. जगभर अनेक हौशी कारागीर जुन्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाला टर्बो बसवतात. टर्बो बाहेरून बसतो, इंजिन उघडावे लागत नाही. पण पिस्टनखाली तेलाच्या नळ्या नसतात, कारण साध्या इंजिनाला त्यांची गरज नसे. त्या बसवायच्या तर बिडाच्या ब्लॉकलाच हात घालावा लागतो.

ब्लॉकच्या लांबीभर तेलाचा एक मुख्य बोगदा असतो. कारागीर त्याला गॅलरी म्हणतात. पंपाकडून आलेले तेल गाळणीतून या गॅलरीत येते आणि तेथून क्रँकशाफ्टच्या प्रत्येक मुख्य बेअरिंगकडे जाते. पिस्टनच्या नळ्यांना तेल द्यायचे तर प्रत्येक सिलिंडरच्या तळाशी गॅलरीपर्यंत पोचणारे एक छिद्र पाडावे लागते, त्याला आटे पाडावे लागतात आणि त्यात नळीचा बोल्ट बसवावा लागतो. ऐकायला सोपे वाटणाऱ्या या कामात चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, छिद्राची जागा. गॅलरीजवळच पाणी खेळणाऱ्या पोकळ्या असतात. ड्रिल थोडे तिरके गेले तर पाण्यात शिरते आणि ब्लॉक वाया जातो. म्हणून त्या जागी बिडाची जाडी किती आहे, गॅलरीचा मध्य कोठे आहे, हे आधी मोजून, आराखडा काढून, ड्रिलला नेमकी वाट दाखवणारा साचा करून मगच छिद्र पाडतात.

दुसरी, हलणाऱ्या भागांपासूनचे अंतर. पिस्टन तळाशी येतो तेव्हा त्याचा घेर नळीला लागू शकतो. क्रँकशाफ्टची वजने आणि कनेक्टिंग रॉडही तेथूनच फिरतात. सर्व भाग बसवून क्रँकशाफ्ट हाताने हळूहळू पूर्ण फिरवून पाहतात. गरज पडल्यास पिस्टनच्या घेराला नळीपुरती खाच घेतात. ती खाच सर्व पिस्टनांना सारखीच घ्यावी लागते, नाहीतर वजनांत फरक पडून इंजिन थरथरते.

तिसरी, नेम. नळीच्या छिद्रात सरळ, बारीक तार घालून ती पिस्टनच्या पोटात कोठे टेकते ते पाहतात. धार कनेक्टिंग रॉडवर आदळली तर पिस्टनला तेल मिळणारच नाही.

चौथी, आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची, स्वच्छता. छिद्र पाडताना बिडाचा कीस गॅलरीत पडतो. गॅलरी गाळणीच्या पुढे असल्याने हा कीस गाळला न जाता थेट बेअरिंगमध्ये जाईल. तेथील तेलाचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. एक कण त्या चकचकीत पृष्ठभागावर खोल ओरखडा काढायला पुरेसा आहे. म्हणून गॅलरीच्या दोन्ही टोकांची बुचे काढून, लांब ब्रशाने घासून, धुऊन आणि दाबाची हवा मारून ती पूर्ण स्वच्छ करावी लागते.

तेल कोणाच्या वाट्याचे?

एवढे करूनही काम संपत नाही. पाच नळ्या, प्रत्येकी मिनिटाला १.९ लीटर, म्हणजे मिनिटाला साडेनऊ लीटर तेल. हे तेल पंप कोठून आणणार? पंप तोच ठेवला तर ते बेअरिंगांच्या वाट्यातूनच जाईल. इंजिन वेगात असेल तेव्हा पंपाकडे शिल्लक तेल असते. जास्तीचे तेल सोडून देण्यासाठी तेथे एक झडपही असते. त्यामुळे वेगात फारसे बिघडत नाही. पण मोटार सिग्नलला उभी आहे, इंजिन मंद चालले आहे, तेल गरम होऊन पातळ झाले आहे, अशा वेळी पंप जेमतेम बेअरिंगांपुरते तेल देत असतो. त्या वेळी पाच उघडी छिद्रे म्हणजे गळक्या नळाच्या तोट्याच. दाब पडेल, बेअरिंगांतील तेलाचा थर तुटेल आणि धातू धातूला घासून क्रँकशाफ्ट निकामी होईल. पिस्टन वाचवण्यासाठी केलेल्या उपायाने इंजिनाचाच जीव जाईल.

त्यावर युक्ती अशी की प्रत्येक नळीच्या बोल्टमध्ये एक लहान गोळी आणि स्प्रिंग बसवतात. तेलाचा दाब ठरावीक मर्यादेच्या, समजा दर चौरस सेंटिमीटरला दीड ते दोन किलोग्रॅमच्या, वर गेला तरच गोळी मागे सरकून वाट उघडते. इंजिन मंद चालताना नळ्या बंद राहतात आणि सारे तेल बेअरिंगांना मिळते. मंद चालताना पिस्टनला उष्णताही थोडीच मिळत असते, त्यामुळे धार नसली तरी चालते. वेग आणि भार वाढला की दाबही वाढलेला असतो आणि धारा आपोआप सुरू होतात. प्रेशर कुकरची शिट्टी जशी दाब वाढल्यावरच उचलली जाते, तसेच हे आहे. याच्या जोडीला अधिक तेल देणारा पंपही बसवतात.

आणखी एक हिशेब उरतो. पाच धारा मिळून सुमारे साडेआठ किलोवॅट उष्णता तेलात आणून टाकतात. तेल तळाच्या टाकीत जाऊन पुन्हा पंपाकडे येते. ही उष्णता तेलातून काढली नाही, तर तेल तापत आणि पातळ होत जाईल. तेव्हा दाब घटतो आणि तेलही लवकर खराब होते. म्हणून हवेने किंवा पाण्याने तेल गार करणारे यंत्र पुरेसे मोठे असावे लागते. म्हणजे पिस्टनची उष्णता नाहीशी झालेली नसते, तिचा फक्त मुक्काम बदललेला असतो. ती शेवटी बाहेरच्या हवेत पोचेपर्यंत वाटेतील प्रत्येक टप्पा रुंद करावा लागतो. कारखान्यात टर्बो इंजिन बनवताना केवळ नळ्या न घालता पिस्टन, पंप आणि तेल गार करण्याची सोय या सर्वांचा एकत्र विचार करतात, तो याचसाठी.

घाटातली परीक्षा

ओएम ६१७ च्या घराण्याचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. त्याचे चार सिलिंडरचे भावंड, २.४ लीटरचे ओएम ६१६, पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन परवान्यावर बनवले. १९८७ साली आलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ते होते. त्याचा सिलिंडर आणि पिस्टनचा फेरा पाच सिलिंडरच्या इंजिनाएवढाच आहे, म्हणून वरचा बहुतेक हिशेब त्यालाही लागू पडतो.

समजा, अशी प्रवाशांनी भरलेली गाडी खंबाटकी घाट चढत आहे. सपाट रस्त्यावर पुढच्या वाहनाला ओलांडताना चालक दहा-पंधरा सेकंद पूर्ण जोर लावतो आणि मग सोडतो. तेवढ्यात ब्लॉक, पाणी आणि तेल यांचे तापमान फारसे वाढत नाही. घाटात मात्र पूर्ण जोर कित्येक मिनिटे राहतो, वेग कमी असल्याने समोरून येणारी हवाही थोडी असते. पिस्टनला मिळणारी आणि त्यातून जाणारी उष्णता समान होईपर्यंत तापमान चढत राहते. वाट अरुंद असेल तर हा समतोल फार वरच्या तापमानाला साधतो. म्हणून सपाट रस्त्यावर उत्तम चालणारे बदललेले इंजिन घाटात दगा देते.

पिस्टनचे तापमान चालकाला दिसत नाही. पण निष्कास वायूचे तापमान दाखवणारा मापक बसवता येतो. ते सुमारे ७०० अंशांच्या वर जाऊ लागले की जोर कमी करावा, असा अनुभवी कारागिरांचा संकेत आहे. काळा धूर हीही एक सूचना आहे. डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते आणि शक्ती इंधनाच्या मात्रेवर ठरते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन फार झाले. म्हणजे पिस्टनला ताप देणारा खरा धनी टर्बो नव्हे, तर त्याच्या भरवशावर वाढवलेले इंधन होय. टर्बो बसवून इंधन न वाढवले तर वाढीव हवेमुळे ज्वलनाचे तापमान उलट थोडे कमीच होते. पण मग शक्तीही विशेष वाढत नाही. शक्तीत थोडीच वाढ हवी असेल आणि इंधनावर लगाम ठेवला तर नळ्यांवाचूनही निभावते. वाढ मोठी हवी असेल तर ब्लॉकला हात घालण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा बदल वाहनात करण्यावर निर्बंध घातले आहेत, हेही लक्षात ठेवावे. आज रस्त्यावर येणाऱ्या बहुतेक टर्बो डिझेल मोटारींत पिस्टनवर तेलाची धार सोडण्याची सोय कारखान्यातच केलेली असते.

करून पाहा

१. कागदाच्या द्रोणाचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. नंतर जाड पुठ्ठ्याचा द्रोण घेऊन पाहा. पुठ्ठ्याची बाहेरची बाजू काळी पडेल. जाडी वाढल्याने उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पिस्टनच्या माथ्याची जाडी ठरवताना अभियंत्यांना हाच विचार करावा लागतो.

२. एका उंच डब्याच्या तळाजवळ बाजूला खिळ्याने २ मिलिमीटरचे छिद्र पाडा. त्यावर ३० सेंटिमीटर उंच पाणी भरा आणि वरून पाणी ओतत राहून पातळी तेवढीच ठेवा. एका मिनिटात किती पाणी पडते ते मोजा. टॉरिचेलीच्या नियमाने वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर येतो आणि त्यावरून मिनिटाला ४५० घन सेंटिमीटर पाणी पडायला हवे. प्रत्यक्षात ते बरेच कमी, ३०० च्या जवळपास भरेल. हा फरक का पडतो, ते बाहेर पडणाऱ्या धारेची जाडी छिद्राच्या जाडीशी ताडून शोधा.

३. एका इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येक पिस्टनवर मिनिटाला १.५ लीटर तेल सोडले जाते आणि ते ४० अंशांनी तापते. सर्व धारा मिळून किती किलोवॅट उष्णता नेतात? तेलाची सापेक्ष घनता ०.८६ आणि विशिष्ट उष्णता २.१ किलोज्यूल धरा. उत्तर सुमारे ७.२ किलोवॅट आले पाहिजे. तेलाचा दाब एक-चतुर्थांश झाला आणि तेल तेवढेच तापले तर ही उष्णता किती होईल, तेही काढून पाहा.